अंडं नाई, दूध नाई, मंग हाय काय?

पांढुर्णा जिल्हा झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये. छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर बाजूला काढले, कलेक्टर आले, एसपी आले, पाट्यांवरच्या जुन्या जिल्ह्यावर नवा रंग चढला. जिल्ह्याच्या गावाला जे जे शोभतं ते हळूहळू येत गेलं. ब्रंच तेवढा राहिला होता. आता तोही आलाय.

ज्यांच्या घरी अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रविवारी न्याहारी करायची नाही, दुपारी जेवायचं नाही, आणि अकराच्या सुमाराला दोन्हींच्या खर्चात एकदाच खायचं, याला ब्रंच म्हणतात. आमच्याकडे पहाटे पाचला संत्र्याच्या बागेत मोटर सुरू करायला गेलेला माणूस अकरापर्यंत उपाशी राहिला, तर घरचे त्याला दवाखान्यात नेतात. पण पुण्या-बंगळुरूला नोकरीला लागलेली पोरं सणाला घरी येतात तेव्हा बॅगेत धुवायचे कपडे आणि डोक्यात नवीन तत्त्वज्ञान घेऊन येतात. कपडे मशीनमध्ये जातात. तत्त्वज्ञानाचं काय करायचं ते घरच्यांनी बघायचं.

ओळखीतल्या एका घरी दिवाळीत पुण्याची भाची आली आणि म्हणाली, "मामी, मी व्हीगन झालेय." मामींनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "मुलगा काय करते?"

गैरसमज दूर व्हायला थोडा वेळ लागला. मग भाचीने समजावलं की अंडं चालत नाही, दूध, दही, लोणी, तूप चालत नाही, मधही चालत नाही, आणि रविवारी आपण सगळ्यांसाठी व्हीगन फ्रूट मफिन करणार आहोत. मामींनी यादी बोटांवर मोजली आणि जो प्रश्न विचारला तो संसदेत विचारण्याच्या लायकीचा होता: "अंडं नाई, दूध नाई, लोणी नाई. मंग हाय काय त्याच्यात?"

होतं काय ते सामानाच्या यादीत निघालं. बदामाचं दूध, चिया, वाळवलेल्या ब्लूबेरी, नारळाची साखर, ॲपल सायडर व्हिनेगर आणि सिलिकॉनचे साचे. पांढुर्ण्याच्या बाजारात यातलं काही मिळेना, म्हणून मामेभावाला गाडी घेऊन नागपूरला पिटाळलं. प्राणिमात्रांवर दया करायची म्हणून दोनशे किलोमीटरचं पेट्रोल जळलं. सोडायच्या वस्तू सहा आणि आणायच्या वस्तूही सहा, असा त्याग मी आजवर फक्त पुढाऱ्यांचा पाहिला होता.

त्या बदामाचंही जरा बघू. व्हीगन माणूस मधाला हात लावत नाही, कारण तो माशीच्या कष्टाचा. ठीक. पण जगातले सुमारे ८० टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात, आणि दर फेब्रुवारीत तिथल्या बागा फुलल्या की परागीभवनासाठी अमेरिकाभरातून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकवर लादून आणतात. त्या देशातल्या धंद्याच्या पेट्यांपैकी बहुसंख्य त्या दिवसांत तिथेच असतात. म्हणजे माशीचा मध नको, माशीची वेठबिगारी चालेल. त्या बदामांचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक भारत आहे. त्याच बदामांचं पाणी घातलेलं दूध म्हशीच्या दुधाच्या कितीतरी पट भावाने घ्यायचं. आमच्याकडे दुधात पाणी घालणाऱ्याला वेगळं नाव आहे.

आणि ही सगळी यादी ज्या घरात वाचली गेली, त्या घराच्या ओसरीत संत्र्यांचे क्रेट छतापर्यंत लागले होते. दिवाळी म्हणजे आंबिया बहाराचे दिवस. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेलं फळ तोडणीला आलेलं असतं. क्रेटला वळसा घालून माणसं आत-बाहेर करत होती आणि आत पाककृती मोठ्याने वाचली जात होती: "ऑरेंज झेस्ट, असल्यास."

असल्यास!

सौंसर-पांढुर्णा म्हणजे संत्र्याचा मुलूख. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादकडून रोपं आणली असं सांगतात. तिथून हे झाड काटोल, वरूड, मोर्शी करत सातपुड्याच्या पायथ्याला आलं आणि राज्यांच्या सीमा पुढे आखल्या गेल्या तेव्हा मध्य प्रदेशात राहिलं. फळाला याची काही कल्पना नाही. ते इथून ट्रकमध्ये चढतं तेव्हा मध्य प्रदेशी असतं आणि उतरतं तेव्हा नागपुरी. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही नागपूरच्याच नावाने. आम्हाला खंत नाही. सासरी गेलेल्या मुलीचं आडनाव बदलतंच, फक्त माहेरी तिची चौकशी तरी व्हावी.

चौकशी होते ती दलालाकडून. बाग झाडावरच मागतात, मोठं फळ निवडून उचलतात आणि बारकं 'चुरी' म्हणून पायाखाली येतं. एके काळी बांगलादेश भरपूर माल घ्यायचा. त्यांनी किलोमागे २० रुपये असलेलं आयात शुल्क २०१९ नंतर वाढवत नेलं आणि २०२३ पर्यंत ते ८८ वर पोचलं. ढाक्याच्या माणसाच्या ताटातलं संत्रं गेलं आणि ते आमच्या ओसरीत साचलं. अशा ओसरीत बसून वाळकी ब्लूबेरी चघळायची म्हणजे संगमावर बसून बाटलीचं पाणी पिणं.

तर मामींनी शेवटी व्हायचं तेच केलं. गाडी नागपूरहून यायच्या आत पदर खोचला आणि म्हणाल्या, "आण इकडं तो मोबाइल." पुढचं मी स्वतः ओट्याजवळ उभं राहून पाहिलंय, म्हणून जबाबदारीने सांगतो.

पाककृतीवाले जे संत्रं गृहीत धरतात ते घट्ट सालीचं असतं, चेंडूसारखं किसणीवर फिरतं. आपलं संत्रं सैल सालीचं. किसणीवर धरलं की साल आत दबते, हातात चिरमटून येते आणि सोबत पांढरा भागही निघतो, जो कडू. म्हणून फळ झाडावरून नुकतं उतरवलेलं, टणक घ्यायचं, सोलायच्या आधी हलक्या हाताने किसायचं, आणि फक्त नारिंगी रंग येईपर्यंतच. पिवळसर-पांढरं दिसलं की थांबायचं. वास सगळा त्या वरच्या कातडीतल्या तेलात असतो.

दुसरी गोष्ट रसाची. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांनी कडवट होतो, तापवला तरी होतो. लिमोनिन नावाचं द्रव्य आंबट रसात सावकाश तयार होतं, आणि बिया-पडदे चिरडले की जास्तच. इतकी वर्षं या भागात प्रक्रिया उद्योगांची भाषणं होतात आणि कारखाने नीट उभे राहत नाहीत, त्याच्या कारणांमध्ये बिया आणि हा कडूपणा यांचाही वाटा आहे. बाकीच्या कारणांचा कडूपणा वेगळा. घरात उपाय सोपा: मिक्सर लावायचा नाही, हाताने पिळायचं, बिया गाळायच्या, आणि रस काढला की लगेच पिठात घालायचा.

अंड्याचं कोडंही मामींनी एका वाक्यात सोडवलं. भाची चियाच्या बिया पाण्यात भिजवून अंड्याऐवजी कसं वापरतात ते सांगत होती. "किंवा फ्लॅक्ससीड," ती म्हणाली. फोनमधलं चित्र पाहून मामी म्हणाल्या, "हे तं जवस व्हय." आणि चटणीच्या बरणीशेजारची भाजलेली जवसाची पुरचुंडी काढून मिक्सरला लावली. एक मोठा चमचा जवसाची पूड, तीन चमचे पाणी, दहा मिनिटं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी चिकट लापशी तयार. जी वस्तू आमच्या आज्या भाकरीवर तेल टाकून खात आल्या, तीच नागपूरच्या मॉलमध्ये काचेच्या बरणीत 'सुपर' म्हणून बसलीय, इंग्रजी नाव घेऊन.

दुधाऐवजी? रस आहे की. त्यातूनही कुणाला दूधच पाहिजे असेल तर सोयाबीन कुठे गेलं? आमचं राज्य स्वतःला सोयाबीनचं राज्य म्हणवतं. २०२४ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर होता आणि मंडीत सौदा त्याच्या बराच खाली तुटत होता. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत ऐंशीच्या दशकापासून सोयाबीनचं दूध आणि पनीर कसं करायचं ते शिकवतात. भिजवलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात टाकून मगच वाटायचं, म्हणजे कच्चट वास जातो. चाळीस वर्षांचं शिक्षण, आणि जिल्ह्यात आलं ते कॅलिफोर्नियाचं बदाम.

भट्टीवरून मात्र थोडी चकमक झाली. भाचीचं म्हणणं, ओव्हन १८० अंशांवर आधी तापवायला हवा आणि तुमच्याकडे बेकिंगची परंपरा नाही. परंपरा नाही! सौंसरजवळच्या जामसावळीच्या मारुतीपाशी, जिथे देव उभा नाही, निजलेला आहे, तिथे किंवा कुठल्याही गावच्या मारुतीच्या पारावर नवसाचा कार्यक्रम असेल तेव्हा जाऊन बघावं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात. कणकेचे थर लावलेले मुठीएवढे गोळे बाहेरून कडक, आतून पदर सुटलेले. राख फडक्याने झटकायची, वांग्याच्या भाजीशी खायचे. रोडग्याचा नवस एकनाथांच्या भारुडात आहे, म्हणजे सोळाव्या शतकातला. पानगे त्याहून साधे, पळसाच्या पानांत भाजलेले. आणि पळस कोणता? तोच, जो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड भिरकावतात. भाजणं आम्हाला कुणी शिकवायचं राहिलेलं नाही. डोकी फोडणं तर नाहीच.

रोडग्यात अंडं नाही, दूध नाही. शेवटी तुपात बुडवतात तेवढा क्षण टाळला तर रोडगा शंभर टक्के व्हीगन आहे. भाचीने मान्य केलं, पण तिला एक शंका आली: गोवरी चालते का? गोवरी गायीची. यावर ओसरीत बराच वेळ चर्चा झाली. एका काकांचं मत पडलं की गायीने ती स्वखुशीने दिलेली असते.

रविवारच्या तर्री-पोह्यांचंही असंच. नागपूरपासून इथपर्यंत ठेल्यावर मिळणारे पोहे, वर हरभऱ्याची झणझणीत तर्री, कांदा, सांबार, लिंबू. एक थेंब दूध नाही. पण ठेल्यावर कुणी तसं लिहीत नाही. लिहिलं तर दर दुप्पट लावता येईल आणि गिऱ्हाईक निम्मं होईल, म्हणजे हिशेब तिथेच. सरकारने मात्र लिहायची सोय केलीय. आपला पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधाला, तुपाला, मधाला सगळ्यांना पास करतो, म्हणून २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम काढले आणि वेगळं हिरवं चिन्ह ठरवलं. आता पाकिटावर दोन हिरवे. कुठला जास्त हिरवा, ते आपण भांडून ठरवू.

या अंड्याविनाच्या केकचा जन्म मुळात दयेतून नाही, टंचाईतून झालाय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये माणशी आठवड्याला जेमतेम एक अंडं मिळायचं, लोणी-साखर मोजून. बायकांनी सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून केक फुगवले, अंड्याची आठवण काढत खाल्ले. त्याच रेशनच्या काळात, १९४४ साली, तिथे व्हीगन सोसायटी स्थापन झाली. आपल्याकडेही गोल ॲल्युमिनियमचा काचेच्या खिडकीचा ओव्हन आला तेव्हा अंड्याविना केक घरोघरी झाले, कारण घरात आजी होती आणि आजीला वास यायचा. जे एकेकाळी नाइलाजाने वगळलं, ते आज हौसेने वगळता येतं. फरक खिशाचा आहे.

खिशाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या राज्याचा व्हीगनपणाही सांगून टाकतो. २०१५ मध्ये अंगणवाडीतल्या पोरांना अंडी द्यायचा प्रस्ताव आला तेव्हा शिवराजसिंह चौहानांनी नकार दिला. २०१९ मध्ये कमलनाथांच्या, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच जिल्ह्याच्या माणसाच्या सरकारने पुन्हा अंड्याचा बेत केला. तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्यांनी सांगितलं की लहानपणी अंडी खाल्ली तर मुलं मोठेपणी नरभक्षक होऊ शकतात. सरकार पडलं, नवं आलं, आणि २०२० च्या सप्टेंबरात घोषणा झाली: अंडं नाही, दूध देऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत मध्य प्रदेशातल्या पाच वर्षांखालच्या ३५.७ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली निघाली. या पोरांना कुणी विचारलं नव्हतं की बाळा, तू व्हीगन होणार का.

भाचीने अंडं सोडलं हा तिचा अधिकार, मी त्याच्या बाजूने भांडेन. तिने ते सोडलं कारण तिच्याकडे होतं. सातपुड्याच्या वरच्या अंगाला, गोंडांच्या पाड्यावरच्या पोराच्या ताटातून जे काढलं, ते त्याने सोडलेलं नाही. त्याच्या ताटाची पूजा दुसऱ्याच्या सोवळ्याने चाललीय. नरभक्षक होण्याची भीती वाटत असेल तर ती उपाशी पोरांची वाटायला हवी.

असो. मफिन.

दोन कप मैदा, पाऊण कप साखर, दोन चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ हे एकत्र चाळायचं. दुसऱ्या भांड्यात एक कप ताजा रस, कपाचा तिसरा हिस्सा तेल (सोयाबीनचं किंवा सूर्यफुलाचं, शेंगदाण्याचं घातलं तर मफिन भज्यांच्या गोत्रात जातं), दोन संत्र्यांचा कीस आणि जवसाची ती लापशी. ओलं कोरड्यात ओतायचं आणि पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा. पुरणासारखं घोटाल तर चिवट होईल. रसातल्या आंबटाने सोडा लगेच फुगायला लागतो, म्हणून मिश्रण ताटकळत ठेवायचं नाही. साचे पाऊण भरायचे आणि आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर वीस-बावीस मिनिटं. मैद्याऐवजी चक्कीची कणीक घेतली तर रस थोडा वाढवावा लागतो आणि मफिन जड होतं, पण पोट भरतं. संत्र्याच्या सोललेल्या, बिया काढलेल्या फोडी वरून लावल्या तर छान दिसतात. आत घातल्या तर पाणी सोडतात. लाइट गेली तर कुकरमध्ये तळाला मीठ घालून, शिट्टी आणि रिंग काढून, मंद आचेवर चाळीसेक मिनिटं. लाइट जातेच.

मामींची बारा मफिन अशी झाली. वरून सोनेरी, आत संत्र्याचा वास, आणि अंड्याची आठवण कुणालाही आली नाही. नागपूरहून गाडी परत आली तोवर ताट रिकामं होतं. बदामाचं दूध काकांनी चहात घातलं आणि चहा फाटला. ब्लूबेरी अजून फडताळात आहेत.

व्हीगन व्हायचं असेल त्याने खुशाल व्हावं. पांढुर्ण्यात त्यासाठी नवीन काही विकत घ्यावं लागत नाही, उलट असलेलं थोडं बाजूला ठेवावं लागतं. फक्त ब्रंच करणाऱ्यांना एक विनंती: संत्री घेताना मोठी, चकचकीत निवडत बसू नका. मफिनच्या रसाला चुरीच बरी, चवीत काडीचा फरक नाही. मॉलमध्ये नका घेऊ, तोडणीच्या दिवसांत सौंसर किंवा पांढुर्ण्याच्या रस्त्यावर गाडी थांबवा, क्रेटने घ्या, आणि बदामाच्या दुधाच्या दुकानात जशी घासाघीस करत नाही तशी इथेही करू नका.